नाकबाईंनी घेतलेला घोट

नगरपालिकेच्या आरोग्य विभागात त्यांची अठरा वर्षं झाली होती. काम एकच, खानावळी, बेकऱ्या आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायचं. इतर तपासनीस आत शिरले की आधी कागदपत्रं मागायचे. या दारातच थांबायच्या, एक लांब श्वास घ्यायच्या आणि जिथे घाण असेल तिथे सरळ चालत जायच्या. म्हणून शहरातले आचारी त्यांना नाकबाई म्हणत. हे नाव इतकं चिकटलं की ऑफिसातला शिपाईसुद्धा फोनवर "नाकबाई फिरतीवर आहेत" असं सांगून मोकळा व्हायचा.

एकदा एका बेकरीत त्यांनी तीन कपाटं ओलांडून चौथं हलवायला लावलं. मागे मैद्याच्या फाटक्या गोणीत उंदराची अख्खी पिलावळ निघाली. मालक घाम पुसत म्हणाला, "बाई, कुणी चुगली केली?"

"उंदरांनीच," नाकबाई म्हणाल्या, आणि पावती पुस्तक उघडलं.

फ्रीजच्या तळाशी साचलेलं गुलाबी पाणी, फडक्याच्या घडीत झुरळांची अंडी, आधी मांसाला आणि मग तशीच काकडीला लागलेली सुरी, असं दिवसभर बघायचं. घरी आल्यावर आधी अंघोळ आणि मगच बोलणं. बाहेरचं त्या खात नसत. मोठी मुलगी नववीत असताना तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्यांनी केकचा वास घेतला आणि तो बाजूला ठेवायला लावला. क्रीम खरंच आंबलेलं होतं. पण त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत, आणि मोठीला त्या घरचं पुढचं बोलावणं आलं नाही.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला सगळे, अगदी नाकबाईसुद्धा, मास्तर म्हणत. शांत माणूस, नकाशांवर जीव, भांडणाला पाठ. त्या वर्षी मोठीची बारावी झाली आणि मास्तरांनी उन्हाळ्याचा तक्ता केला: बारा दिवस, पाच कॉलेजं, आपलीच गाडी. तेरा वर्षांच्या धाकट्याला कॉलेजं बघण्यात रस नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला वाटेतल्या एका कॅम्पवर सोडायचं आणि परतताना उचलायचं. कॅम्प चालवणारा मास्तरांचा जुना मित्र होता. दोघं हॉस्टेलच्या एका खोलीत चार वर्षं राहिले होते. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कसला कॅप्टन ते कुणाला ठाऊक नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मोठीने कपड्यांची घडी घालता घालता विषय काढला.

"आई, एक सांगू? या ट्रिपमध्ये तू तपासनीस नाहीस. कुठे बोट फिरवायचं नाही, कुठे वास घ्यायचा नाही. मला तिथे राहायचंय चार वर्षं. पहिल्याच दिवशी नाकबाईची मुलगी व्हायचं नाहीये."

पोरीला हे नाव माहीत आहे हेच नाकबाईंना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं."

पहिला मुक्काम एका लॉजवर होता. उशीच्या अभ्र्याला दुसऱ्याच कुणाच्या तेलाचा वास. बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका, ओला, बोटभर लांब. पाण्याच्या ग्लासच्या कडेवर ओठांचा ठसा. नाकबाईंनी पिशवीतून घरची चादर काढली, ग्लास उपडा घातला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मास्तरांनी कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. शहाण्या मुलाकडे पाहावं तसं. त्या पाहण्याचाही त्यांना थोडा उबग आला.

शनिवारी दुपारी गाडी कॅम्पवर पोचली. टेकडीच्या उतारावर तंबूंच्या दोन रांगा, मधे मैदान, वर पत्र्याचं स्वयंपाकघर. चाळीसेक मुलं. कॅप्टन अर्ध्या चड्डीत, गळ्यात शिट्टी, पोट शिट्टीच्याही पुढे. त्याने मास्तरांना उचलूनच घेतलं. मास्तर इतके खूश नाकबाईंना कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

कॅप्टन सगळ्यांना फिरवून दाखवत होता. इथे दोरीवरून चढायचं, इथे शेकोटी, इथे मुलं स्वतःची ताटं स्वतः धुतात. ताटं धुतात तिथे नाकबाई थांबल्या. वारा वरून येत होता आणि त्यात तो वास होता. नाल्याचा नव्हे, कचऱ्याचाही नव्हे. गोडसर, जड, जिभेच्या मागे बसणारा. त्यांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या मागे चौथऱ्यावर सिमेंटची टाकी होती. झाकणाच्या जागी पत्रा, त्यावर एक दगड, आणि पत्रा एका बाजूने इतका वाकलेला की तिथून हात आत जाईल. फटीच्या कडेला राखाडी पिसं चिकटली होती.

"टाकी कधी धुतली?" नाकबाईंनी विचारलं.

कॅप्टन हसला. "मास्तर, वहिनी ड्युटीवर आल्या रे." आजूबाजूचे दोन-तीन पालकही हसले. मास्तर हसले. मोठीने खालचा ओठ दातांत धरला आणि दुसरीकडे बघायला लागली. कॅप्टनने नळाखाली स्टीलचा ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "वहिनी, डोंगरातला झरा आहे. शहरात असलं पाणी मिळणार नाही. घ्या, आणि मग सांगा."

ग्लास समोर होता. सगळे बघत होते. धाकटाही बघत होता, पाठीवर सॅक, नव्या मुलांसमोर आई काय करते या धास्तीत. अठरा वर्षांत नाकबाईंनी अशा ठिकाणचा पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी ग्लास घेतला आणि एक घोट प्यायल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

धाकट्याने त्यांच्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेलं गटागटा पिऊन टाकलं.

गाडी टेकडी उतरत होती तेव्हा त्यांनी खिडकी खाली घेतली आणि बाहेर थुंकल्या. मास्तर म्हणाले, "लागली का गाडी?" त्या म्हणाल्या, "हो."

पहिलं कॉलेज रविवारी. एक मुलगी मोठ्या रंगीत टीशर्टात घोळक्यापुढे उलटी चालत होती आणि बोलत होती. उलट्या पावलांनी फक्त भुतं चालतात असं नाकबाईंनी लहानपणी ऐकलं होतं. ही पोरगी मात्र पायऱ्यासुद्धा तशाच उतरायची, आणि हसू जराही हलायचं नाही. "इथे आम्ही फक्त शिकवत नाही, उद्याचे नेते घडवतो." ग्रंथालयात तेच, प्रयोगशाळेत तेच, पोहण्याच्या तलावाशी तेच. एवढे नेते घडल्यावर त्यांच्या मागे चालायला माणसं कुठून आणणार, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण बोलायचं नाही हे ठरलं होतं. एक बाप प्रत्येक ठिकाणी हात वर करून आपल्या मुलाची बक्षिसं सांगायचा आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावायचा. एक आई शेजारणीला कुजबुजून सांगत होती की प्रवेशाचा निबंध तिनेच लिहिलाय, पण चुका मुद्दाम ठेवल्यात, खरा वाटावा म्हणून. मुलगा शेजारीच उभा होता आणि फोनमध्ये बघत होता. नाकबाईंना त्या बाईचा हात धरून तिला कुठेतरी नेऊन धुवावंसं वाटलं.

या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांपुढे वाकलेला पत्रा होता. त्यांनी तीनदा कॅम्पवर फोन लावला. तिसऱ्यांदा कॅप्टनने उचलला. "पोरगं मजेत आहे वहिनी. तुम्ही फोन केला की त्यालाच लाज वाटते."

सोमवारी दुसऱ्या कॉलेजात, सभागृहात प्राचार्य बोलत असताना, त्यांच्या पोटात पिळवटल्यासारखं झालं. त्या उठल्या, ओळीतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत बाहेर आल्या आणि स्वच्छतागृह जेमतेम गाठलं. अर्धा तास त्या आत होत्या. दारावर कुणीतरी लिपस्टिकने बदाम काढला होता आणि बाहेरून भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या. घरून निघाल्यापासून त्यांनी फक्त घरचं खाल्लं होतं, घरचंच पाणी प्यायलं होतं. बाहेरचा घोट एकच.

दुपारी लॉजच्या खोलीत त्यांनी मास्तरांना सांगितलं.

"एका घोटाने?" मास्तर म्हणाले.

"मी एक घोट घेतला. तो गेले दोन दिवस तेच पितोय. चला, आत्ता निघू."

मास्तरांनी तक्त्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी हिची मुलाखत आहे. हेच एक कॉलेज तिला हवंय. नऊ वाजता मुलाखत, दहाला निघू, दोनला तिथे. कॅप्टनला मी ओळखतो. काही असतं तर त्याने कळवलं असतं."

मोठी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं असं नाकबाईंना नंतर वाटत राहिलं. ती नुसती उभी होती, मुलाखतीचा इस्त्री केलेला शर्ट हँगरसकट हातात धरून.

कुठल्याही आचाऱ्याला त्यांनी "उद्या धुतो" म्हणू दिलं नव्हतं. पलंगाच्या कडेवर बसून, पोटाशी उशी धरून त्या म्हणाल्या, "बरं. उद्या दहाला."

मंगळवारी मुलाखत चांगली झाली. मोठी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता, आणि आईला बघताच तिने तो विझवला. ठरल्याप्रमाणे ते दहाला निघाले.

कॅम्पचं मैदान रिकामं होतं. तंबूंपाशी पाच-सहा मुलं पत्ते घेऊन बसली होती, खेळत नव्हती; बाकीची तंबूंत शिरून बसली होती. नाकबाईंनी गाडी थांबायच्या आत दार उघडलं आणि वासाच्या मागे गेल्या. सामानाच्या पत्र्याच्या खोलीत सतरंज्यांवर अकरा मुलं पडली होती. मधे दोन बादल्या, काठोकाठ भरलेल्या, वर माश्या. एका पोराने पँटमध्येच केलं होतं आणि ते तसंच वाळलं होतं. धाकटा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ओठांना भेगा, डोळे आत. त्यांनी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काल सकाळपासून," तो म्हणाला. आणि मग तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगावं तसं म्हणाला, "मला पण वास आला होता. पण तू प्यायलीस म्हणून मी प्यायलो."

कॅप्टन मागे येऊन उभा होता. "ऊन लागलंय वहिनी. मी साखर-मिठाचं पाणी देतोय सगळ्यांना."

"कुठलं पाणी?"

त्याने चौथऱ्यावरच्या टाकीकडे पाहिलं.

त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला, मोठीला गॅसवर पाणी उकळायला लावलं, आणि साडीचा पदर खोचून चौथऱ्यावर चढल्या. दगड ढकलला, पत्रा ओढला. आतल्या वासाने त्यांनासुद्धा मान फिरवावी लागली. पाण्यावर तेलकट साय होती आणि सायीत कबुतर तरंगत होतं. फुगलेलं, पिसं गळालेली, एक पंख नुसत्या काडीवर लोंबणारा. त्यांनी काठीला बादली बांधून ते बाहेर काढलं आणि खाली उभ्या असलेल्या दोघा मित्रांच्या पायांपाशी रिती केली.

मास्तरांना तिथेच ओकारी आली. कॅप्टनने तोंडावर हात धरला, आणि हात काढल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं: "हे बाहेर जाऊ देऊ नका वहिनी. पालकांना ऊन लागलं असंच सांगू. पोरं चार दिवसांत उठतील. माझी वीस वर्षांची मेहनत आहे."

"आपण आधी शांतपणे विचार करू," मास्तर तोंड पुसत म्हणाले. "मुलं महत्त्वाची. बाकीचं मग बघू."

नाकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात त्यांना त्याचा राग आला होता, कंटाळा आला होता, कीवही आली होती. किळस पहिल्यांदा आली. हनुवटीवर ओकारीचा धागा होता, तो दाखवायचीही त्यांना इच्छा झाली नाही.

जवळच्या गावातल्या रुग्णालयात मुलांना भरती केलं. एक-एक करून पालक येत गेले. डॉक्टर तरुण होता, दोन दिवसांचा जागलेला दिसत होता. तो फॉर्म भरत सगळ्यांसमोर प्रश्न विचारत होता.

"टाकी दूषित आहे हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या," नाकबाई म्हणाल्या.

"आज?"

"आज" म्हणता आलं असतं. मास्तर त्यांच्याकडे बघत होते, मोठी बघत होती. आज म्हटलं असतं तर त्या दिवशी सगळ्यांनी त्यांना दुवाच दिली असती.

"शनिवारी," त्या म्हणाल्या. "मी नगरपालिकेत तपासनीस आहे. मला वास आला होता, पिसंही दिसली होती. मी बोलले नाही. आणि सोमवारी माझंच पोट बिघडलं तेव्हा मला खात्री झाली होती. तरी आज आले."

डॉक्टरचं पेन थांबलं. बाकावरून एक बाई उठली. अंगावर कारखान्याचा निळा कोट होता, पाळीवरून तशीच आली होती. तिचा मुलगा अकरांमधला सगळ्यात लहान, आतल्या खोलीत, दोन्ही हातांना सलाईन लावलेला.

"तुमचं कामच ते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला कुठून कळणार टाकीतलं? मी पोराला बसमधून पाठवलं, मी तो कॅम्प पाहिलासुद्धा नाही. तुम्ही पाहिलात. तुम्हाला कळलं. आणि तुम्ही पोरगं ठेवून फिरायला गेलात."

"हो," नाकबाई म्हणाल्या.

"का पण?"

याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते इतकं फुटकळ होतं की बाहेर काढण्यासारखं नव्हतं. लोक हसले म्हणून. पोरीने ओठ चावला म्हणून.

धाकटा तिसऱ्या दिवशी घरी आला. बाकीची मुलंही आठवडाभरात सुटली. निळ्या कोटातल्या बाईचा मुलगा मात्र सतरा दिवस आत होता. मूत्रपिंडं थकली होती. पण तोही वाचला.

नाकबाईंनी त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना चार पानी जबाब लिहून दिला. शनिवारचं सगळं, ग्लाससकट. त्यांच्या साहेबांनी प्रत वाचून त्यांना बोलावलं. "हा परिच्छेद कशाला? तो आपल्या हद्दीतला भाग नव्हे, तुम्ही सुट्टीवर होतात. काढून टाका." त्यांनी काढला नाही. त्यांना वाटलं होतं, चौकशी होईल, निदान कारणे दाखवा नोटीस येईल. काही आलं नाही. उलट एका वर्तमानपत्रात आलं: 'सुट्टीवरील दक्ष महिला अधिकाऱ्याने वाचवले अकरा मुलांचे प्राण.' साहेबांनी कात्रण फळ्यावर लावलं. शिपायाने पेढ्यांसारखी बातमी वाटली. नाकबाई वर्तमानपत्राच्या कचेरीत गेल्या आणि म्हणाल्या, हे खोटं आहे, दुरुस्ती छापा. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार विनयशील आहात." दुरुस्ती छापली नाही. फळ्यावरचं कात्रण त्यांनी स्वतः फाडलं. दुसऱ्या दिवशी तिथे त्याची झेरॉक्स होती.

कॅम्प बंद झाला. कॅप्टनवर खटला भरला. मास्तर आधी काही महिने त्याचं नाव काढत नसत. मग गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोनवर बोलू लागले. नाकबाईंना ते ऐकू यायचं. त्यांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. एका घरात राहणं चालू होतं.

मोठीला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पत्र आलं त्या दिवशी तिने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मी जाऊ का नको ते तू सांग."

"माझ्यावर ढकलू नकोस," नाकबाई म्हणाल्या. "मुलाखत तू दिलीस, थांबायचं मी ठरवलं. तुझं तू बघ."

ती गेली. धाकटा अंगाने भरला, उंच झाला, पण आईच्या हातातून काही घेताना आता आधी तिच्या तोंडाकडे बघायचा. त्याच्याही ते लक्षात येत नसावं.

हिवाळ्यात नाकबाईंनी एक रजा काढली आणि बसने त्या निळ्या कोटातल्या बाईच्या गावी गेल्या. पत्ता जबाबाच्या कागदांत होता. कारखान्याच्या मागे तीन मजली इमारती, जिन्यात सायकली बांधलेल्या. दार मुलानेच उघडलं. मान बारीक, गुडघे मोठे, पण उभा होता, आणि हातात गणिताची वही होती. त्याने त्यांना ओळखलं नाही. आत हाक मारली.

बाई दारात आली. तिने मुलाला आत पाठवलं आणि दार अर्धं ओढून घेतलं.

"बरा आहे," ती म्हणाली. "तिखट खायचं नाही, धावायचं नाही, एवढंच आहे अजून. तुम्ही खरं बोललात डॉक्टरांसमोर, ते मी विसरले नाही. दुसरं कुणी बोललं नसतं. पण तुमचं तोंड बघितलं की मला त्या बादल्या दिसतात. तुम्ही पुन्हा येऊ नका."

"नाही येणार," नाकबाई म्हणाल्या.

पिशवीतली संत्री त्यांनी पुढे केली नाहीत. जिना उतरून त्या थांब्यावर आल्या. परतीच्या बसला पाऊण तास होता. समोर एक टपरी होती आणि टपरीवाला एकाच बादलीत कप बुचकळून पुन्हा मांडत होता. पाणी राखाडी झालं होतं. नाकबाई रस्ता ओलांडून त्याच्यापाशी गेल्या.

"हे पाणी ओता," त्या म्हणाल्या, "आणि कप पुन्हा धुवा. मी इथली कुणी नाही. पण मी उभी राहणार आहे."

तो आधी हसला, मग चिडला, मग गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं काहीबाही बोलला. एक-दोघं हसलेही. नाकबाई उभ्या राहिल्या. शेवटी त्याने बादली गटारात उपडी केली.